‘शोध’ ह्या शब्दाची व्याप्ती : एका दाव्याचे परीक्षण

‘नेचर’ ह्या नियतकालिकात नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या डीपमाइंड ह्या संस्थेतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. संगणकाच्या साहाय्याने २२ लक्ष स्फटिकरचना हाती आल्या असून त्यांपैकी सुमारे ३ लक्ष ८० हजार विशेष स्थिर आहेत, असे प्रतिपादन त्यात आहे. बॅटरीस उपयुक्त ठरू शकतील असे ५२८ लिथियमवाहक पदार्थही त्यात सुचविले आहेत. ह्या कार्याचा आवाका निःसंशय मोठा आहे. आमचा आक्षेप आकड्यांना नसून त्यांना जोडलेल्या ‘शोध’ ह्या शब्दास आहे.

मराठीत शोध ‘घेतला’ जातो, तसाच तो ‘लागतो’. घेतलेला शोध विफल होऊ शकतो. लागलेला होऊ शकत नाही. निबंधाच्या शीर्षकातील इंग्रजी शब्द केवळ दुसऱ्या अर्थाचा वाचक आहे. वस्तुतः संगणकाने केले ते पहिले. होहेनबर्ग, कोन आणि शॅम ह्यांनी १९६४-६५ मध्ये पाया घातलेल्या पद्धतीने निरपेक्ष शून्य तापमानातील ऊर्जा काढावयाची आणि प्रतिस्पर्धी संयुगांत विघटन होणे लाभाचे नसेल, तर रचना स्थिर मानावयाची. भट्टीत ती कशी सिद्ध व्हावी, हे ह्या गणितात येत नाही. इतरत्र स्वतंत्रपणे सिद्ध झालेल्या रचना ७३६ असल्याचे निबंधकारच नोंदवितात. नियमाने सिद्ध होणारे प्रत्येक रूप कोशात घालणाऱ्या कोशकाराची आठवण येथे होते.

अधिक बोधप्रद आहे तो त्याच सुमारास बर्कली येथील स्वयंचलित प्रयोगशाळेने केलेला दावा. तेथे १७ दिवसांत ५८ पैकी ४१ ‘नवे’ पदार्थ तयार झाले, असे सांगण्यात आले. २०२४ मध्ये रॉबर्ट पॅलग्रेव्ह, लेस्ली स्कूप आणि त्यांचे सहकारी ह्यांनी क्ष-किरणांचे पुरावे पुन्हा तपासले आणि त्यांत एकही नवा पदार्थ नाही, असा निष्कर्ष काढला. सुमारे दोन-तृतीयांश पदार्थ आधीच ज्ञात असलेली क्रमहीन रूपे असावीत. अशा रूपांत दोन मूलद्रव्ये एकाच प्रकारच्या जागा अनियमितपणे वाटून घेतात. संगणकाने मात्र प्रत्येकास निश्चित जागा दिली होती. ‘ह्या’ आणि ‘या’ ही रूपे मराठीत एकाच स्थानी विकल्पाने येतात. ती ठराविक क्रमानेच येतात अशी एक बोली कागदावर कल्पावी, आणि मग नेहमीची मराठी ऐकून ती बोली सापडली असे जाहीर करावे, तसाच हा प्रकार झाला.

हा केवळ शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणेल. तथापि लिथियम, फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीन ह्यांच्या आर्जिरोडाइट वर्गातील घन विद्युत्-अपघटनीचे उदाहरण पाहावे. तिच्यात गंधक आणि क्लोरीन परस्परांच्या जागी बसतात, आणि लिथियमचे वहन सुलभ होते. क्लोरीनऐवजी आयोडीन घातल्यास ही अदलाबदल जवळजवळ थांबते, आणि वहन कित्येक पटींनी घटते.