घडणीचे दर्शन : ‘हँडमेड हीरो’

कचेरीतील प्रत्येक फायलीला दोन अंगे असतात. एका अंगाला पत्रव्यवहार आणि अखेरचा आदेश, दुसऱ्या अंगाला टिपणी. आदेशावरून काय ठरले ते कळते. परंतु कोणी कोठे शंका काढली, कोणता पर्याय कशामुळे मागे पडला, आणि आज जे स्वयंसिद्ध वाटते ते किती आडवळणांनी हाती लागले, हे टिपणी वाचल्यावाचून कळत नाही. कलेच्या प्रांतात मात्र रसिकाच्या वाट्याला बहुधा आदेशच येतो. कवीने फाडलेले कागद आपण पाहत नाही. गवई महफिलीत भेटतो, त्याचा रियाज बंद दाराआड राहतो. त्यामुळे कलाकृतीची घडण हा समीक्षेचा आवडता विषय असूनही तो बव्हंशी अनुमानाचाच विषय राहिला आहे.

ही घडणच उघड्यावर मांडणारा एक प्रकार गेल्या काही वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात रूढ झाला आहे. प्रोग्रॅमर आपल्या खोलीत बसून कोड लिहितो आणि त्याचा पडदा, त्याचा आवाज व बहुधा त्याचा चेहराही त्याच क्षणी इंटरनेटवरून जगभर दिसत राहतो. आज्ञावली ही वाङ्मयकृती नव्हे, हे उघड आहे. परंतु ती भाषेत लिहिली जाते, पुन्हा पुन्हा खोडली जाते, आणि तिच्या प्रत्येक ओळीमागे एक निवड असते. म्हणून घडणीच्या प्रश्नापुरता तिचा विचार साहित्याच्या वाचकाने करण्यास हरकत नसावी. या प्रकारातील सर्वांत महत्त्वाकांक्षी कृती कोणती, असे विचारल्यास मी केसी मुराटोरी यांच्या ‘हँडमेड हीरो’कडे बोट दाखवीन.

मुराटोरी हे अमेरिकेतील सिएटलचे अनुभवी प्रोग्रॅमर. ‘रॅड गेम टूल्स’ या कंपनीत त्यांनी काम केले होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द विटनेस’ या खेळाच्या घडणीतही त्यांचा हात होता. नोव्हेंबर 2014 मध्ये त्यांनी संकल्प सोडला की, एक संपूर्ण व्हिडिओ गेम पहिल्या ओळीपासून, कोणतेही तयार इंजिन न वापरता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत लिहायचा. रोज सुमारे तासभर लेखन आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे, अशी त्याची रचना. हे प्रक्षेपण ‘ट्विच’वरून होत असे. त्याचे सहाशेहून अधिक भाग झाले.

साधनसामग्रीचा विचार येथे गौण नाही. या प्रकाराला लागणारी आयुधे तशी बेताची: बरा संगणक, स्वच्छ आवाज टिपणारा मायक्रोफोन, लहानसा कॅमेरा, आणि पडदा, चेहरा व आवाज एकत्र गुंफून पाठविणारा ‘ओबीएस’सारखा विनामूल्य प्रोग्रॅम. बहुतेकजण दुसरा पडदाही बाळगतात. एकावर काम, दुसऱ्यावर प्रेक्षकांचे बोलणे. अक्षरे एरवीपेक्षा मोठी ठेवावी लागतात. परवलीचे शब्द चुकूनही पडद्यावर येणार नाहीत, याची दक्षता घ्यावी लागते. परंतु या सर्वांहून परिणामकारक गोष्ट म्हणजे एक उणीव. लेखकाने टंकलेली ओळ प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यास काही सेकंद लागतात. लेखकाची चूक प्रेक्षकाला दिसते, तो घाईने तसे लिहितो, आणि तोवर लेखक पुढच्या ओळीत गुंतलेला असतो. आपल्याला कळले आहे आणि त्याला अद्याप कळलेले नाही, ही नाट्यगृहातील जुनी व्याकुळता येथे कोणी योजल्यावाचून, केवळ यंत्राच्या दिरंगाईतून निर्माण होते.

‘हँडमेड हीरो’चे पहिले काही दिवस पाहणाऱ्याला प्रथम निराशा वाटेल. पहिला दिवस प्रोग्रॅम तयार करण्याची मांडामांड करण्यात जातो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक रिकामी खिडकी उघडते. तिसऱ्या दिवशी चित्रासाठी स्मृतीतली जागा राखली जाते. चौथ्या दिवशी त्या जागेत रंग सरकू लागतात. नायक नाही, शत्रू नाही, कथा तर नाहीच. तथापि या संथपणातच कृतीचे मर्म आहे. एरवी जे फुकट मिळते असे आपण समजतो, त्या प्रत्येक गोष्टीची किंमत येथे वाचकासमोर मोजून ठेवली जाते.

या संयमाचे फळ एकविसाव्या दिवसापासून तेविसाव्या दिवसापर्यंतच्या भागांत मिळते. मुराटोरी खेळाच्या नियमांचा भाग वेगळा काढतात आणि खेळाची स्मृती बाहेरच्या भागाच्या स्वाधीन करतात. नियमांची नवी प्रत तयार झाली की चालू खेळ जुनी टाकून नवी उचलतो. खेळ थांबत नाही. पुढे खेळणाऱ्याच्या हालचाली नोंदवून त्यांचेच आवर्तन चालू ठेवले जाते, आणि तेच काही क्षण फिरून फिरून घडत असताना त्यांचे नियम बदलता येतात. येथे तंत्र आणि आशय एकरूप होतात. जी कृती घडण दाखविण्यासाठी जन्मली, तिच्या पोटातच घडतानाच पाहता येईल असे यंत्र निर्माण होते. माझ्या मते हा या मालिकेचा उत्कर्षबिंदू होय.

चुकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. शिक्षकाने फळ्यावर मुद्दाम केलेली चूक आणि येथील चूक यांत फरक आहे. येथे उत्तर लेखकालाही ठाऊक नसते. चित्र वेडेवाकडे उमटते, आवाजाची लय मंदावते, दोष शोधण्याच्या साधनातून एकेक ओळ चालवून पाहिली जाते, गृहीतके एकामागून एक तपासली जातात. निष्णात माणूस चुकत नाही, अशी आपली एक भाबडी समजूत असते. तो चुकल्यावर काय करतो यात त्याचे नैपुण्य आहे, हे येथे प्रत्यक्ष दिसते. वरिष्ठासमोर चूक झाकण्याची सवय अंगी मुरलेल्या आपणांसारख्यांना हे दर्शन किंचित अस्वस्थ करणारे आहे. म्हणूनच ते मोलाचे आहे.

परंतु एक आक्षेप मला टाळता येत नाही. विचाराला मौन लागते, आणि या प्रकारात मौनाला जागा नाही. प्रेक्षक समोर आहे या जाणिवेने प्रत्येक निवडीला तत्क्षणी शब्द द्यावा लागतो. आणि जे शब्दांत सहज मांडता येते तेच निवडण्याकडे मनाचा कल होऊ शकतो. मुराटोरी यांचे बोलणे कमालीचे ठाम आहे. इतरांच्या पद्धतींविषयी त्यांचा निवाडा कित्येकदा कठोर असतो. एकांतात मनाशी घोळविलेली शंका जितकी खोल जाते, तितकी ती प्रेक्षकांपुढे जाते का, असा प्रश्न मनात राहतोच. उघड्यावर केलेला रियाज हा पूर्णतः रियाज राहत नाही; त्याची थोडीशी महफिल होतेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. तो खेळ पूर्ण होऊन विक्रीस आलेला नाही. लोकांनी आगाऊ पैसे भरले. त्यांना मूळ कोड मिळाला, पण संकल्पित कृती मिळाली नाही. रोजचा तास हेच एकक झाल्यावर प्रत्येक तासाला स्वतःचा विषय हवा असतो, आणि शिकविण्याची ओढ पूर्णतेच्या ओढीवर मात करते, असे माझे अनुमान आहे. आदेशाच्या निकषावर ही फाईल अनिर्णितच म्हणावी लागेल. मात्र टिपणीच्या निकषावर तिच्या तोडीची दुसरी फाईल या प्रांतात मला आढळलेली नाही. प्रेक्षकांपैकी काहींनी स्वेच्छेने भागांची विषयवार व वेळवार सूची तयार केली. तिच्याभोवती समानधर्मी प्रोग्रॅमरांचा एक समुदाय उभा राहिला. अपूर्ण कृती वांझ असते, या समजुतीला हा सबळ अपवाद आहे.

सिएटलची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची दुसरी सकाळ, कचेरीच्या तयारीची वेळ. त्यामुळे मी हे भाग रात्री, मुद्रित स्वरूपातच पाहिले. प्रेक्षकांचे बोलणे त्यात फारसे उरत नाही. कोणाच्या तरी प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र ऐकू येते. जुन्या फायलीत मूळ पत्र गहाळ व्हावे आणि त्यावरची टिपणी तेवढी हाती लागावी, तसे काहीसे वाटते. तरीही ती टिपणी वाचताना तिच्या लेखकाचा प्रामाणिकपणा जाणवतो, आणि आपल्या कामाचा आदेश तेवढा पुढे ठेवून टिपणी कुलूपबंद करण्याची आपली रीत कितपत योग्य, असा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा अशी निकड निर्माण होते. समाप्त झालेल्या कितीतरी कृतींना एवढे साधत नाही.