पटावरचा ताळेबंद

नाटकाचं परीक्षण येतं, पुस्तकाचं येतं, हल्ली मिसळीचंही येतं आणि तेही तर्रीच्या रंगासकट. पण ज्या फळ्यांवर आणि पुठ्ठ्यांवर आपल्या सगळ्यांच्या मे महिन्याच्या दुपारी खर्ची पडल्या, त्या बैठ्या खेळांकडे कुठल्या समीक्षकानं ढुंकून पाहिलेलं नाही. कादंबरी वाचून माणूस फार तर जांभई देतो. ‘व्यापार’ खेळून सख्खे भाऊ तीन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. आता यातली परिणामकारक कलाकृती कोणती, ते तुम्हीच ठरवा.

गेलं वर्षभर (म्हणजे एप्रिल ते मार्च, आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही) आम्ही खंडाळ्यात नियमानं खेळलो. खंडाळा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे धुकं, चिक्की आणि १९९८ सालच्या ‘गुलाम’मधला आमीर खान उभा राहिला असेल, तर तिघांनाही परत पाठवा. ते खंडाळा लोणावळ्याजवळचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, पुण्याकडून येताना खंबाटकी घाट चढण्याआधी लागणारं. लोक इथं चहापुरते थांबतात आणि मजा करायला महाबळेश्वरला जातात. आम्हाला ती इथंच करावी लागते. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. त्या दोन शनिवारी संध्याकाळी आमच्या पडवीत बैठक. सभासद पाच : मी, सौ., शेजारचे निवृत्त गुरुजी, कोपऱ्यावरचे मेडिकलवाले आणि ऐंशी ओलांडलेल्या काकू.

समीक्षकाला निकष लागतो म्हणतात. माझा निकष साधा आहे. जिंकणाऱ्याची सोय प्रत्येक खेळ करतोच. हरणाऱ्याची काय व्यवस्था केली आहे, ते बघायचं.

या कसोटीला कॅरम झकास उतरतो. चार माणसं बसतात, प्रत्येकाला समोर एक भिडू मिळतो, त्यामुळे हरण्याचा दोष द्यायला हक्काचा माणूस असतो. पंचवीस गुणांचा डाव, म्हणून एखादा बोर्ड गेला तरी पुढचा आहेच. शेवटपर्यंत कोणी उठून जात नाही. आणि राणीचा नियम तर ज्यानं काढला त्याला माझा नमस्कार! नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. पण राणी नुसती घालून भागत नाही, मागोमाग आपली एक सोंगटी घालून ती ‘कव्हर’ करावी लागते. नाही जमलं तर राणी मुकाट्यानं परत मध्यावर. व्हाउचरवर दुसरी सही नसेल तर पैसे परत तिजोरीत, तसंच हे. अखिल भारतीय फेडरेशन १९५६ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय १९८८ मध्ये निघालं, पण कॅरमचे खरे नियम अजून गल्लीगल्लीतच ठरतात. दोष दोनच. एक, श्रावणात फळी दमट होते आणि मेडिकलवाल्यांनी आणलेल्या बोरिक पावडरीचा लगदा होतो. दुसरा मोठा : कॅरम बोटं मागतो. काकूंची बोटं संधिवातानं वाकलेली. त्या भिंतीला टेकून बघायच्या आणि स्ट्रायकरच्या आवाजावरून “गेली नाही रे” म्हणून सांगायच्या. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

बुद्धिबळाविषयी आमच्या भागात वाकडं बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन वारीविषयी बोलण्यासारखं. कृष्णेच्या काठानं खाली गेलं की सांगली. तिथं भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या पटावर बसवल्या. महाराष्ट्राच्या मुलींनी तर या खेळात पुरुषांना बोलायला जागा ठेवलेली नाही. खाडिलकर भगिनींपासून सुरू झालेली ही रांग २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत येते. तरीही बैठकीचा खेळ म्हणून बुद्धिबळ नापास. खेळणारे दोन, उरलेले तिघं प्रेक्षक. आणि बुद्धिबळाच्या प्रेक्षकाला गप्प बसवेल असा कायदा अजून व्हायचाय. शिवाय इथं हरणाऱ्याला नशिबावर ढकलताच येत नाही. हरला तो अक्कल कमी म्हणून, आणि तेही चारचौघांत.

गुरुजी मात्र वडिलांच्या देशी पद्धतीनं खेळतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. आणि पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. मनाला येईल तेव्हा वजीर, हे तिथं चालत नाही. अनुकंपा तत्त्वावरची नेमणूकच म्हणा ना! विलायती नियमापेक्षा मला हा जास्त खरा वाटतो. शिपायाचा एकदम जनरल मॅनेजर झालेला मी तरी पाहिला नाही.

लुडोवर फार शाई घालवणार नाही. १८९६ साली इंग्लंडात पचिसीचं हे धाकटं भावंड पेटंट झालं आणि २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवर बसून घरोघर परत आलं. मुलांना आवडतं.

सापशिडी वेगळी. तिच्या मागं मोक्षपट आहे. परंपरा त्याचं नातं थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. कोपनहेगनच्या विद्यापीठात २०१९ मध्ये याकोब श्मिट-मॅडसन या गृहस्थांनी या पटांवर प्रबंध लिहिला. जुन्या पटात घराघराला पापपुण्याची नावं होती. हल्ली नावं पुसली, नुसते आकडे राहिले. त्यामुळे शंभराच्या उंबऱ्यावरचा साप गिळतो तो कशाबद्दल, हेच कळत नाही. कारण न दाखवता केलेली बदली! पण समीक्षकानं प्रामाणिक राहावं : मेडिकलवाल्यांची सहा वर्षांची नात आणि काकू एका पातळीवर भांडू शकतील असा हाच एक खेळ. नात दोनदा जिंकली. काकूंनी एकदा फासा परत टाकून घेतला, आणि गुरुजींनी खिडकीबाहेर बघितलं.

आता ‘व्यापार’.

हा मोनोपॉलीचा देशी अवतार. मूळ खेळाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली एका खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीचा मालक भाडं वसूल करकरून बाकीच्यांना कसा कंगाल करतो, ते लोकांना समजावं हा हेतू. पुढं १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी दुसऱ्याच एका गृहस्थाच्या नावानं तो बाजारात आणला आणि बाईंना पेटंटचे पाचशे डॉलर दिले. लोकांनी धडा घेतला तो नेमका उलटा : भाडं वसूल करण्यात मजा आहे!

व्यवसायामुळे बँकर मलाच व्हावं लागतं. सुट्टीच्या दिवशीही मी नोटाच मोजतो. पण काय ती बँक! ना केवायसी, ना जामीन, ना वारस-नोंद. मोनोपॉलीच्या छापील नियमाप्रमाणे बँक बुडतच नाही; नोटा संपल्या तर साध्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून द्यायचे. गहाण ठेवाल तर निम्मी किंमत मिळते, सोडवताना वर दहा टक्के. मग पाच मिनिटांनी सोडवा की तीन तासांनी. पाच मिनिटांच्या दहा टक्क्यांचा वार्षिक दर मी एकदा कागदावर काढला. सावकारसुद्धा कानाला हात लावील. आमच्या जुन्या पटावर ‘वेल्थ टॅक्स’चं घरही आहे. सरकारनं संपत्ती कर २०१५ साली रद्द केला, पण आमच्या पडवीत तो अजून चालू आहे.

हे सगळं हसण्यासारखं. दोष वेगळाच आहे. हा खेळ हरणाऱ्याला बाहेर काढतो. एकेक घर काढून घेतो, मग उठवतो आणि बाकीच्यांची भरभराट बघत बसायला सांगतो. जूनमधल्या एका शनिवारी मेडिकलवाल्यांचं असं झालं. हायवेला भरघोस सवलतीवालं मोठं औषधाचं दुकान निघून तेव्हा महिना झाला होता. शेवटचं घर सौ.च्या हाती देताना ते हसले, “इथं तरी लवकर उरकतं बघा, वहिनी.” चहा न घेताच गेले. पुढच्या बैठकीला आले नाहीत. त्या दिवशी सौ.नं व्यापाराचा डबा कपाटावर, फराळाच्या मोठ्या पातेल्यामागं टाकला. तो अजून तिथंच आहे. समीक्षा म्हणून मला यापेक्षा नेमकं लिहिता आलेलं नाही.

मेडिकलवाल्यांना परत आणलं ते सारीपाटानं. काकूंनी ट्रंकेतून आपल्या आईचा कापडी पट काढला, कवड्या काढल्या आणि सोळा सोंगट्या. त्यातल्या दोन हरवलेल्या, त्यांच्या जागी कोटाची बटणं. चार पट्टे, प्रत्येकात तीन ओळी, ओळीत आठ घरं. या पटानं मोठमोठ्यांना घराबाहेर काढलंय. पांडवांचं सोडा, आपला खंडोबा घ्या. कराडजवळच्या पालीला पौषात ज्याचं म्हाळसेशी लग्न लागतं, तोच पुढं तिच्याशी सारीपाट खेळताना हरतो आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर पडतो. जातो तो बाणाईच्या घरी मेंढरं राखायला. लोककथा म्हणते, मुद्दाम हरला. सौ. म्हणाली, “पुरुष हरला तरी त्याचं बरंच होतं.”

माझ्या निकषावर सारीपाट पहिला. सोंगटी मेली तरी ती परत जन्माला येते, दुसऱ्या तीन फिरत असतात, आणि माणूस कधीच उठत नाही. कवड्यांचं दान नशिबाचं, सोंगटी कुठली हलवायची ते अकलेचं. त्यामुळे जिंकलो तर अक्कल आणि हरलो तर नशीब, अशी सन्मानाची वाटणी करता येते. वाकड्या बोटांनाही कवड्या टाकता येतात. काकू पहिल्यांदाच भिंत सोडून मध्ये आल्या.

दोष एक, आणि तो भयंकर. नियम कुठं लिहिलेलेच नाहीत. सगळे काकूंच्या तोंडात. फुलीवर मारता येत नाही, तोड केल्याशिवाय घरात जाता येत नाही, एवढं कळलं. बाकी प्रत्येक वादावर “आमच्याकडं असंच” हा निकाल. दिवाळीनंतर मुलानं काकूंना पुण्याला नेलं. पट आणि कवड्या त्या आमच्याकडं ठेवून गेल्या. गुरुजींनी मोठ्या जिद्दीनं वहीत नियम लिहायला घेतले. सतरा कलमं झाली आणि त्यातल्या नऊ कलमांपुढं “काकूंना विचारणे”.

विचारायचं तर फोन. फेब्रुवारीत गुरुजींची आणि मेडिकलवाल्यांची एका पिकलेल्या सोंगटीवरून जुंपली. ती परत फिरवता येते की नाही? फोन लावला. पलीकडून कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या, मग काकू. गुरुजींनी सगळी बाजू शुद्ध मराठीत मांडली. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हरतंय कोण?”

“मीच की, काकू,” मेडिकलवाले म्हणाले.

“मग तुझंच खरं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.