एकच आशा, तीन कप्पे

गाण्याचा धंदा शेवटी किराणा दुकानासारखाच! डब्यावर चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाईक माल शोधणार कसा? पण ही चिठ्ठी गायकाच्याच कपाळावर चिकटली की काय होते, हे पाहायला आशा भोसले यांच्याइतके बोलके उदाहरण नाही.

हिंदी सिनेमाने त्यांच्यासाठी फार वर्षे एक कप्पा राखून ठेवला होता, कॅबरेचा. पडद्यावर हेलन आली की आवाज आशाताईंचा, हे जणू ठरलेलेच. १९८१ मध्ये 'उमराव जान'साठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनेकांना नवल वाटले. मराठी श्रोत्याला कशाला वाटेल? सुरेश भट, शांता शेळके यांची गीते, लावणी, मास्टर दीनानाथांची नाट्यपदे हे सारे आपण त्याच गळ्यातून ऐकले होते.

दुसरा कप्पा इथल्या बाजारातला, 'वर्ल्ड म्युझिक'. परदेशी रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवायच्या हे दुकानदारांना कळेना, म्हणून १९८७ मध्ये लंडनला काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी एकत्र बसून हे नाव रूढ करायचे ठरवले. हेतू विक्रीचा होता आणि तो साधलाही. हा खण नसता, तर आपल्या सीडी अमेरिकन दुकानांत पोहोचणे कठीणच होते.

पण त्याची किंमतही पाहा. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबरचा १९९६ चा 'लेगसी' म्हणजे पारंपरिक बंदिशी. क्रोनॉस क्वार्टेटबरोबरचा २००५ चा 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' म्हणजे राहुलदेव बर्मन यांची सिनेमागीते. दोन्हींना ग्रॅमी नामांकन मिळाले, ते 'वर्ल्ड म्युझिक'च्याच विभागांत! किशोरी आमोणकर आणि दादा कोंडके यांना एका रांगेत बसवण्यासारखेच हे. २०२० मध्ये ग्रॅमीने 'वर्ल्ड'च्या जागी 'ग्लोबल' शब्द आणला. पाटी बदलली, खण तोच राहिला.

क्रोनॉसच्या अल्बममधली नाचरी गाणी मला थोडी सजावटीच्या भाराखाली दबलेली वाटतात. पण 'इजाजत'मधले गुलजारांचे मुक्तछंदातले गाणे जरूर ऐका. सत्तरी ओलांडलेला तो आवाज तिथे ना कॅबरेचा आहे, ना 'वर्ल्ड'चा. तो फक्त एका बाईचे दुःख सांगतो. चांगल्या गाण्याची हीच खूण, ते कप्प्यात मावत नाही.

आणि तिसरा कप्पा? तो आपल्याच घरात आहे, 'आईबाबांची जुनी गाणी'. ही चिठ्ठी कुठल्या कंपनीने लावलेली नाही. गाडीत मुले मागे बसली की आपणच ती लावतो, आणि मग मुले कानांत हेडफोन घालतात. यंदा नाव, साल, भाषा काही न सांगता नुसते गाणे लावून पाहू या. कदाचित मागच्या सीटवरूनच विचारणा होईल, "हे कोण गातंय?"