प्राध्यापकाची कारकीर्द : गौरवग्रंथ, कादंबरी आणि गुणतक्ता

प्रास्ताविक

विद्यापीठीय अध्यापकाच्या कारकिर्दीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्या लेखनाची चिकित्सा फारशी होत नाही. अध्यापक निवृत्त होतो तेव्हा गौरवग्रंथ निघतो, तो पदोन्नतीस पात्र होतो तेव्हा गुणतक्ता भरला जातो आणि क्वचित एखादा कादंबरीकार त्याला नायकाचे स्थान देतो. हे तीनही प्रकार एकाच जीवनाविषयी बोलत असले तरी त्यांतून उभी राहणारी व्यक्ती एक नसते. या तीन प्रकारांत अध्यापन आणि संशोधन यांचे कोणते रूप नोंदले जाते व कोणते निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील विद्यापीठाच्या परिसरातील काही कारकिर्दी डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. हे विद्यापीठ १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १९९४ मध्ये त्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामांतर झाले.

प्रत्येक ज्ञानशाखेतील कामाला स्वतःचा काळ असतो. आपल्याकडील लेखनप्रकार हा काळ नोंदवीत नाहीत. म्हणून सर्व विषयांना एकच माप लावणे सोपे जाते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. कोणत्या कामाला मोल आहे हे नव्याने रुजू होणारा अध्यापक अशा नोंदींवरूनच शिकतो. म्हणून हा प्रश्न केवळ चरित्रलेखनाचा राहत नाही.

गौरवग्रंथ : विशेषणांचे चरित्र

गौरवग्रंथाचा आराखडा बहुतेकांच्या परिचयाचा आहे. प्रारंभी शुभेच्छासंदेश, त्यानंतर आप्तेष्ट, सहकारी व विद्यार्थी यांच्या आठवणी, मग निमंत्रित अभ्यासकांचे लेख आणि शेवटी सत्कारमूर्तींचा जीवनपट व ग्रंथसूची. या प्रकाराचे उपकारही आहेत. स्वतंत्र ग्रंथरूपाने कधीच आले नसते असे कितीतरी चांगले शोधलेख केवळ गौरवग्रंथांच्या निमित्ताने लिहिले गेले. ग्रंथसूची तर पुढच्या अभ्यासकाला फारच उपयोगी पडते.

परंतु कारकिर्दीचे मूल्यमापन म्हणून पाहिले असता या प्रकाराची मर्यादा स्पष्ट होते. त्यात व्यक्तीचा स्वभाव येतो. तिने मांडलेला सिद्धांत, त्यावरील आक्षेप आणि त्या आक्षेपांचे पुढे काय झाले, हे येत नाही. अध्यापनाविषयी ‘विद्यार्थिप्रिय’ हा एक शब्द लिहिला की विषय संपतो. त्या अध्यापकाने कोणती संहिता कशी शिकविली, अभ्यासक्रमात काय बदलले, कोणता प्रश्न वर्गात प्रथम उपस्थित केला, याचा उल्लेख अपवादानेच आढळतो.

शिवाय हा प्रकार सर्व विषयांना सारखा उपलब्ध नाही. भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांतील अध्यापकांभोवती लिहिणाऱ्यांचा परिवार असतो. रसायनशास्त्राच्या किंवा गणिताच्या अध्यापकाच्या वाट्याला बहुधा एक निरोपसमारंभ आणि पीएच.डी. प्राप्त विद्यार्थ्यांची यादी येते. परिणामी मराठी वाचकाच्या मनातील ‘मोठा प्राध्यापक’ हा बहुतांशी साहित्याचाच प्राध्यापक असतो. हा दोष विज्ञानाच्या अध्यापकांचा नाही. त्यांचे काम मराठीत समजावून सांगणारे लेखन आपण निर्माण केले नाही, हे त्यामागील कारण आहे.

कादंबरी : बिढाराचे वास्तव

गौरवग्रंथ जे टाळतो ते कादंबरीने मांडले. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या १९७५ ते १९७९ या काळातील कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक आहे. नेमाडे यांनी स्वतः अहमदनगर, धुळे व औरंगाबाद येथे आणि पुढे लंडन, गोवा व मुंबई येथे अध्यापन केले. अर्थात चांगदेव म्हणजे नेमाडे असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. या कादंबऱ्यांनी प्राध्यापकी पेशाचा भौतिक पाया मराठीत प्रथमच इतक्या विस्ताराने उघड केला, हे येथे महत्त्वाचे आहे. नेमणूक, पगार, भाड्याची खोली, संस्थाचालकांची मर्जी, सहकाऱ्यांचे जातीय व प्रादेशिक गट आणि वर्ष संपताना पुन्हा उचलावे लागणारे बिऱ्हाड यांतून ज्ञानव्यवहाराची प्रत ठरते, हे चांगदेवाच्या प्रवासातून दिसते.

या चित्रणाचे महत्त्व ओसरलेले नाही. तासिका तत्त्वावर काम करणारा आजचा अध्यापक एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरतो, तेव्हा त्याचे जीवन चांगदेवाहून फार निराळे नसते. फरक असेल तर एवढाच की, चांगदेव पुष्कळदा स्वतः नोकरी सोडतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नोकरी सत्राअखेरीस आपोआप सुटते. ज्याला पुढील जूनची शाश्वती नाही त्याच्याकडून दहा वर्षांच्या संशोधनाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

तथापि कादंबरीलाही मर्यादा आहेत. चांगदेवाच्या दृष्टीतून पाहिल्यामुळे महाविद्यालय म्हणजे मुख्यतः स्टाफरूम, वसतिगृह आणि गाव असे चित्र तयार होते. प्रयोगशाळा, क्षेत्रभेट, हस्तलिखितांचे संग्रह ही संशोधनाची ठिकाणे तेथे जवळजवळ नाहीत. संशोधन आले तर ते बहुधा उपहासाचा विषय म्हणून येते. या उपहासाला आधार होता हे मान्य केले तरी, त्याच काळात याच परिसरात शांतपणे चाललेले काम त्यात सामावत नाही.

चार कारकिर्दी, चार प्रकारचा काळ

हे काम कोणत्या प्रकारचे होते? इतिहास विभागातील डॉ. रमेश शंकर गुप्ते यांनी बी. डी. महाजन यांच्यासह अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबाद येथील लेण्यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावेळी विद्यापीठ अवघे चार वर्षांचे होते. साधनसामग्री घराजवळ होती. परंतु प्रत्येक लेण्यातील मूर्तींची ओळख पटविणे, त्यांची लक्षणे ग्रंथांशी ताडून पाहणे हे काम प्रत्यक्ष जागेवर पुनःपुन्हा जाऊनच होते. गुप्ते यांचा हिंदू, बौद्ध व जैन मूर्तिशास्त्रावरील पुढील ग्रंथ या क्रमातूनच आला.

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ मध्ये औरंगाबादहून प्रसिद्ध झाला. प्रादेशिक वनस्पतिकोश ही एका मोसमात होणारी गोष्ट नव्हे. तीच टेकडी पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर पाहावी लागते. फुलोरा हुकला तर पुढील वर्षापर्यंत थांबावे लागते. नमुने दाबून, वाळवून, नोंदींसह वनस्पतिसंग्रहात ठेवावे लागतात आणि जुन्या नावांची शहानिशा करावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक अभ्यासकाला मराठवाड्यातील एखाद्या जातीविषयी लिहिताना या ग्रंथाकडे वळावे लागते.

डॉ. गंगाधर पानतावणे यांनी मिलिंद महाविद्यालयात व पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात अध्यापन केले. ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा त्यांचा अभ्यास सर्वज्ञात आहे. परंतु त्यांचे सर्वांत दूरगामी काम म्हणजे ‘अस्मितादर्श’. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले हे नियतकालिक त्यांनी सुमारे पाच दशके चालविले. प्रथमच लिहू पाहणाऱ्या दलित तरुणांचे लेखन मागविणे, वाचणे, परत पाठविणे, पुन्हा लिहून घेणे हे संपादनही होते आणि अध्यापनही. त्यांचा वर्ग विद्यापीठाच्या इमारतीपुरता मर्यादित नव्हता. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

चौथे उदाहरण डॉ. सुधीर रसाळ यांचे. १९३३ मध्ये जन्मलेल्या रसाळ यांनी मराठी विभागात दीर्घकाळ अध्यापन केले. ‘कविता आणि प्रतिमा’ या ग्रंथापासून त्यांचे समीक्षालेखन एकाच दिशेने वाढत गेले. २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या ग्रंथाला मिळाला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि निवृत्तीला काही दशके लोटली होती. समीक्षकाची कारकीर्द सेवापुस्तिकेबरोबर संपत नाही, हे यावरून दिसते.

लेणी पाहणाऱ्याचा काळ, वनस्पतींचे मोसम, संपादकाचा पत्रव्यवहार आणि समीक्षकाचे दीर्घ वाचन हे चार निराळे काळ आहेत. याउलट रसायनशास्त्रातील संश्लेषणाचे काम अनेक हातांनी, तुलनेने लहान टप्प्यांत होते आणि त्याचे शोधनिबंध वेगाने व संयुक्त नावांनी येणे स्वाभाविक असते. यांतील कोणताही काळ दुसऱ्याहून श्रेष्ठ नाही. परंतु एकाच्या मोजपट्टीने दुसरा मोजता येत नाही.

गुणतक्ता : दोन गुणांचा विषयभेद

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे शैक्षणिक कार्यनिर्देशांक, म्हणजे प्रचलित भाषेत एपीआय, आणला. २०१८ च्या विनियमांत त्याचे रूप बदलले. त्या तक्त्यात शोधनिबंधाला विज्ञान, अभियांत्रिकी आदी शाखांसाठी ८ आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य आदींसाठी १० गुण ठेवले गेले. म्हणजे विषयभेदाची दखल घेतली गेली, ती दोन गुणांची. प्रभावांक असलेल्या नियतकालिकातील निबंधाचे गुण त्या अंकानुसार वाढतात. राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला मात्र १० गुण.

आता वरील कारकिर्दी या तक्त्यात बसवून पाहू. अनेक मोसमांच्या भटकंतीतून सिद्ध झालेल्या वनस्पतिकोशाला १० गुण, दोन खंड स्वतंत्र धरले तर २०. प्रभावांकाची जोड मिळालेले दोन-तीन शोधनिबंध त्याला सहज मागे टाकतात. संपादित पुस्तकाला गुण आहेत, अनुवादालाही आहेत. परंतु नियतकालिक पाच दशके चालविण्यासाठी संशोधनाच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. अध्यापनाचे मूल्यमापन तर नेमून दिलेल्या तासांपैकी घेतलेल्या तासांच्या टक्केवारीवर आले : ८० टक्के वा अधिक असल्यास ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान असल्यास ‘समाधानकारक’. तास झाला की नाही हे यातून कळते. तासात काय झाले हे कळत नाही. गौरवग्रंथातील ‘विद्यार्थिप्रिय’ आणि तक्त्यातील ‘चांगले’ या दोन शब्दांत यादृष्टीने फारसे अंतर नाही.

या व्यवस्थेचे परिणाम आपण पाहिले आहेत. गुणांची मागणी वाढली तशी शुल्क घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके वाढली. २०१८ मध्ये आयोगाने स्वतःच्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली. २०१९ पासून ‘केअर’ यादी लागू झाली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. याद्या बदलत राहिल्या. निबंध कशासाठी लिहावयाचा हा मूळ प्रश्न तसाच राहिला. महाविद्यालयांच्या बहुविद्याशाखीय नियतकालिकांनाही या प्रश्नापासून स्वतःला वेगळे काढता येणार नाही.

तथापि येथे एका आक्षेपाचा गंभीरपणे विचार केला पाहिजे. गुणतक्ता नव्हता तेव्हा पदोन्नती कशी होत असे? पुष्कळदा ओळखीने, गटाने आणि मर्जीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. तेव्हापासून मराठवाड्यात उच्चशिक्षित अध्यापकांची पहिली पिढी घडत गेली. तिच्या पाठीशी घराणे नव्हते, गुरुपरंपरेचा आधार नव्हता. अशा अध्यापकाला निवड समितीसमोर दाखविता येणारा आकडा हे संरक्षण वाटले तर त्यात नवल नाही. आकडा सर्वस्वी टाकून द्यावा आणि पुन्हा ज्येष्ठांच्या मतावर सोडावे, असे म्हणणे म्हणजे चांगदेवाला पुन्हा संस्थाचालकांच्या दारात उभे करणे होय. म्हणून आकडा काढून टाकण्याऐवजी त्याच्या जोडीला लिखित व जाहीर मूल्यमापन आणणे, ही खरी गरज आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन सूचना करता येतात. पहिली, प्रत्येक विभागाने आपल्या विषयातील दीर्घ पल्ल्याची कामे कोणती, हे लेखी ठरवावे : वनस्पतिसंग्रह, हस्तलिखितांची सूची, बोलीचा कोश, नियतकालिकाचे संपादन, उपकरणाची उभारणी. स्थाननिश्चितीच्या वेळी अशा कामाचा अपूर्ण टप्पाही पुराव्यासह मांडता आला पाहिजे. दुसरी, अध्यापनाची नोंद टक्केवारीबरोबर अध्यापनसाहित्य, प्रश्नपत्रिका आणि अभ्यासक्रमातील बदल यांच्या रूपाने ठेवावी. तिसरी सूचना महाविद्यालयीन नियतकालिकांसाठी आहे. त्यांनी दर अंकात निदान एका अध्यापकाच्या संपूर्ण कामाची चिकित्सा छापावी : त्याने काय सिद्ध केले, कशावर वाद झाला, काय अपुरे राहिले. हे अध्यापक साहित्याचेच असू नयेत. भौतिकशास्त्राच्या अध्यापकाचे काम मराठीत समजावून सांगणे अवघड आहे. परंतु त्या प्रयत्नातूनच विद्याशाखांमधील संवाद सुरू होईल आणि ‘बहुविद्याशाखीय’ या शब्दाला काही अर्थ येईल.

गौरवग्रंथ कृतज्ञता व्यक्त करतो, कादंबरी परिस्थिती दाखविते आणि तक्ता तुलना करतो. या तिन्ही गोष्टींची आवश्यकता आहेच. मात्र कामाची परीक्षा यांपैकी कोणताही प्रकार करीत नाही. ती समव्यावसायिकांनीच, विषय समजून घेऊन, स्वाक्षरीनिशी करावयाची असते. आपण ती केली नाही तर ती जागा तक्ता भरून काढील. आणि नवा अध्यापक पहिल्याच वर्षी हिशेब करून टेकडीवरील पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहणे सोडून देईल.