श्वानखाऊचे रसग्रहण

मराठी समीक्षकांनी ओवीपासून नवकवितेपर्यंत सगळ्याची चिरफाड केली, पण कुत्र्याच्या खाऊच्या पुडक्यावर जे वाङ्मय छापलेलं असतं, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या घरी बंड्या नावाचा कुत्रा असल्यामुळे ही उणीव भरून काढण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. बंड्याचं वजन 10 किलो. वाचनाची आवड शून्य. आणि या वाङ्मयाची खरी गोम इथंच आहे. ज्याने खायचं त्याला वाचता येत नाही, आणि जो वाचतो तो खात नाही. त्यामुळे या साहित्यप्रकारात वाचकाकडून तक्रार येण्याची भीतीच नाही!

या परंपरेचा उगम लंडनचा. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तिथे कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. त्याच्याकडे नोकरीला लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे 1891 साली स्वतःच्या नावाने कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं. ते ‘क्रफ्ट्स’ आजही भरतं. बिस्कीट खातो कुत्रा, पण पटवायचं असतं मालकाला, हे मर्म या धंद्याला पहिल्यापासून उमगलेलं आहे.

पुडक्यातली हाडकाच्या आकाराची बिस्किटं पाहा. एक लाल, एक हिरवं. कुत्र्याला मुख्यत्वे निळा आणि पिवळा एवढेच रंग ओळखता येतात. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. मग ही रंगपंचमी कुणासाठी? अर्थात तुमच्या-माझ्यासाठी. बंड्या बिचारा हुंगतो आणि गिळतो.

आता भाषाशैली. अमेरिकेत पशुखाद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची ‘आफ्को’ नावाची संघटना आहे. तिचे नमुना नियम वाचताना मला शाळेतला व्याकरणाचा तास आठवला. नुसतं ‘चिकन’ म्हणायचं तर मालात पाणी सोडून 95 टक्के चिकन हवं. ‘चिकन डिनर’ म्हटलं की 25 टक्के पुरे. ‘विथ चिकन’ म्हटलं की 3 टक्के. आणि ‘चिकन फ्लेवर’ असेल तर टक्केवारीचं नावच नको, स्वाद जाणवला म्हणजे झालं! एका शब्दयोगी अव्ययाने कोंबडीचे 92 टक्के उडवल्याचं दुसरं उदाहरण जागतिक साहित्यात सापडणार नाही. म्हणून पुडक्याचा दर्शनी भाग ललित समजावा आणि पाठीमागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी तेवढी वैचारिक म्हणून वाचावी. यादीत जास्त वजनाचा घटक आधी लिहिण्याची रीत आहे. पहिल्या तिघांत मैदा आणि साखर दिसली, तर कोंबडी फक्त चित्रापुरती आली होती असं समजावं.

पण पुडक्यांवर एवढी टीका केल्यावर घरगुती साहित्याला सोडून देणं पक्षपाताचं होईल. आमच्या आत्याचा पुडक्यांवर मुळीच विश्वास नाही. ती म्हणते, “अरे, बघतोय कसा बिचारा! दे त्याला एक पेढा. घरचा आहे, काही होत नाही.” बंड्या तसा पंख्याकडेही बघतो. शिवाय घरचं म्हणजे निर्धोक, ही समजूत कुत्र्याच्या पोटाला ठाऊक नाही. खव्यातल्या तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला लवकर पचवता येत नाही. चॉकलेट जितकं काळं, तितकं वाईट. साखर नसलेल्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल असलं, तर अर्ध्या-एक तासात त्याची रक्तशर्करा कोसळू शकते.

आणि सत्यनारायणाचा शिरा! त्यातले बेदाणे आपल्याला प्रसाद. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना मात्र ते आणि द्राक्षं दोन्ही घातक ठरू शकतात. किती खाल्ले म्हणजे बाधतील, याचा भरवसा नाही. दोष टार्टारिक आम्लाचा असावा, असं 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी सुचवलं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा आपली आंबटगोड आमटी आपणच ओरपावी.

आमच्या कॉलनीत एक लॅब्रेडॉर होता. जिन्यात कुणीही भेटलं तरी शेपटीने भिंत झाडायचा. एका वाढदिवसाच्या रात्री त्याला उरलेल्या रश्श्यातली कोंबडीची हाडं घातली. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या सुयांसारख्या चिरफळ्या होतात. आतडं फाटलं, ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. हाडं घालणाऱ्याचा त्याच्यावर फार जीव होता. कुत्र्याला ‘नको’ म्हणता येत नाही. आपण पुढे करू ते तो आपल्या भरवशावर खातो. विनोदी लेखात हे सांगायला नको होतं, पण खाऊच्या समीक्षेत ते गाळणंही बरं नाही.

तर मग द्यावं काय? गाजराचा तुकडा, उकडलेली फरसबी, बी काढलेली सफरचंदाची फोड, मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेलं बिनहाडाचं चिकन. चघळायला काही द्यायचं तर आधी अंगठ्याचं नख दाबून पाहावं. खूण उमटली नाही, तर दात तुटण्याचा संभव. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावा, असं पशुवैद्य सांगतात. बंड्याएवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 उष्मांक लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला 60. ते दोन-तीन ग्लुकोज बिस्किटांतच संपतात. आत्याने हा हिशोब ऐकला आणि म्हणाली, “एवढंसं देताना हात नाही होत रे.”

हात नाही होत, हे अगदी खरं. पण प्रश्न आपल्या हाताचा नसून त्याच्या पोटाचा आहे. त्यावर तोड म्हणून मी एका गाजराचे वीस तुकडे करून तिच्यापुढे ठेवले. तिने दिवसभरात वीसदा दिलं, वीसदा “शहाणा गं माझा तो” म्हटलं, आणि वीसही वेळा बंड्या तितक्याच अधीरपणे उभा राहिला. गाजर एकच होतं, हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.