‘स्मृतिचित्रे’तले घर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाचे नाव काढले की मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. विक्षिप्त, उदार, घरात पैसा टिकू न देणारे टिळक आणि त्यांना पुरून उरणारी त्यांची बायको, एवढे चित्र बहुतेकांच्या मनात पक्के असते. हसू खरेच आहे. परंतु नवराबायकोच्या गमतीजमतींसाठीच हे पुस्तक वाचणारा वाचक त्यातले निम्मे धन उंबऱ्याबाहेर ठेवून येतो, असे मला वाटते. टिळक पतिपत्नींचा ख्रिस्ती धर्म हा जणू त्या संसारातला एक अपघात, तो बाजूला काढला तरी पुस्तक तेवढेच राहील, असा आपला समज असतो. या समजाशीच मला भांडायचे आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. त्यांचे पहिले शिक्षण मात्र आमच्या शहाडच्या शेजारी, कल्याणला झाले. खाडीकाठच्या त्या गावात धुळाक्षरे गिरवणारा हा मुलगा पुढे मराठी ख्रिस्ती समाजाचा थोर कवी झाला, याचे आम्हा शेजारपाजारच्या शिक्षकांना थोडे अगत्य वाटले, तर वाचकांनी क्षमा करावी. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचा जन्म १८६८ चा आणि लग्न अकराव्या वर्षीचे. शाळेची पायरी म्हणून कधी चढल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. तीही त्याच्या लहरीप्रमाणे, आज चार ओळी तर पुढे महिनाभर काही नाही, अशी. वेळापत्रक नाही, परीक्षा नाही, आणि गुरुजी केव्हा घर सोडून निघून जातील याचा नेम नाही.

माहेरी वडिलांना सोवळ्याचे वेड होते. घरात येणारा जिन्नस धुऊन घ्यायचा, शिवाशिवीचा धाक अष्टौप्रहर, आणि त्यापायी आई खंगत चाललेली. हे सारे लक्ष्मीबाई हसतखेळत सांगतात. पण वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की पुढे ज्या बाईला सोवळे सोडायचे आहे, तिला ते कशाकशातून सोडायचे होते हे तिने पहिल्याच पानांत मांडून ठेवले आहे. पुढच्या पेचाचे मूळ त्या आंघोळीच्या दगडापाशी आहे.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांना बायबलातला ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद माणसांनी निर्माण केला की देवाने, हा प्रश्न त्या स्वतःशीच घोळवीत राहिल्या आणि उत्तर मिळाले तेव्हा दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

इथे मला बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आठवते. १८५७ सालच्या त्या कादंबरीतली तळमळ खरी आहे, विधवांचे दुःख खरे आहे. पण तिथे धर्म बोलतो तो उपदेशकाच्या तोंडून. पात्रे थांबतात आणि व्याख्यान सुरू होते. ‘स्मृतिचित्रे’त व्याख्यानाला जागाच नाही. धर्म येतो तो पाण्याच्या तांब्यातून, वेगळ्या चुलीच्या धुरातून. एका बाईने कोणाच्या हातचे पाणी प्यावे, एवढाच काय तो प्रश्न. पण त्यात साऱ्या समाजाची घडण येते. धर्मांतर मान्य असो वा नसो, ही पाने वाचताना कोणाही वाचकाला आपल्या घरातल्या माठाकडे एकदा पाहावेसे वाटेल.

पुढे अहमदनगरच्या घरात अनाथ मुले आली, पाहुणे आले, कवी आले. बालकवी ठोमरे तिथे घरच्या मुलासारखे वावरले. टिळकांना दया येई आणि ते माणूस घरी आणीत. त्या माणसाला जेवू घालण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. टिळकांचा धर्म त्यांच्या भजनांत दिसतो, तसा तो त्या घरच्या पिठाच्या डब्यातही दिसतो. आणि डबा रिकामा झाला की तो भरण्याची चिंता कोणाला, हेही पुस्तक लपवीत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. लक्ष्मीबाई टिळकांना फार लवकर क्षमा करतात. संतापलेल्या बायकोचे दोन खडे बोल ऐकू आले न आले, तोच विनोदाची एखादी लकेर येते आणि प्रसंग मिटतो. पुष्कळदा मला वाटते, बाईंनी इथे थोडे थांबायला हवे होते. एकटेपणी देवाशी त्या काय बोलल्या, तेही आपल्याला फारसे कळत नाही. शिवाय उत्तरार्धाला पूर्वार्धाची घट्ट वीण नाही. पुस्तकाचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. हात घाईत होता हे उघड आहे.

तरी त्या लहरी शाळेचा निकाल पाहा. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. त्याचा बराच मोठा भाग त्यांचाच आहे. गुरूचे अर्धे लिखाण शिष्येने पुरे करावे, आणि त्या शिष्येने शाळा पाहिलेली नसावी!

मी शाळेत शिकवतो. घरी शिकवले म्हणजे झाले, शाळा हवीत कशाला, असे म्हणणारे आईबाप अलीकडे भेटतात. त्यांना मी हे पुस्तक वाचा म्हणतो, आणि शाळेवाचून काहीच होत नाही म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो. पहिल्यांना यातून कळावे की घरची शाळा फुकट चालत नाही, तिची फी बहुधा घरातली बाई भरते. दुसऱ्यांना कळावे की ज्याच्या घरी प्रश्न विचारायला मुभा आहे, त्याचे शिक्षण थांबत नाही. नवरा बायकोला आपला देव मान्य करायला लावीत नाही, बायको स्वतः विचार करून आपला निर्णय घेते, आणि तोवर दोघे एका छपराखाली दोन चुलींवर जेवतात. एवढे धैर्य आज तरी किती घरांत आहे?

यंदा फराळाची ताटे उचलल्यावर कोणीतरी या पुस्तकाची दहा पाने मोठ्याने वाचावीत. पोरे हसतील, हसू द्यावे. मग एखादी मुलगी विचारील, “त्यांनी चूल वेगळी का ठेवली होती?” त्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांनी टाळाटाळ न करता उत्तर द्यावे.