‘कविकंठाभरण’ आणि सर्जनशील लेखनाचे अध्यापन

प्रस्तावना

पदवी स्तरावर मराठी विषयात ‘सर्जनशील लेखन’ हा घटक आता अपरिचित राहिलेला नाही. मात्र वर्गात कथेचे घटक आणि कवितेचे प्रकार सांगितले जातात व उत्तरपत्रिकेत तेच परत येतात. विद्यार्थी लेखनाविषयी लिहितो. प्रत्यक्ष लेखन क्वचितच करतो. ‘प्रतिभा उपजतच असावी लागते’ हे विधान अशा वेळी अध्यापकाच्या सोयीचे ठरते. प्रस्तुत लेखात क्षेमेंद्राच्या ‘कविकंठाभरण’ या ग्रंथाच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

काव्यहेतूंचा विचार

नैसर्गिक प्रतिभा नसली तरी श्रवण आणि परिश्रम यांनी वाणीची थोडीबहुत कृपा होतेच, असे दंडी मानतो. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्यनिर्मितीची तीन सुटी कारणे न मानता तिन्ही मिळून एकच कारण मानले. त्याच्या मते हा अभ्यास काव्य जाणणाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली व्हावयाचा असतो. म्हणजेच शिक्षकाचे स्थान या व्याख्येतच गृहीत आहे.

क्षेमेंद्राचा शिक्षणक्रम

अकराव्या शतकातील काश्मीरच्या क्षेमेंद्राने हा विचार प्रत्यक्ष शिक्षणक्रमात आणला. त्याच्या ग्रंथाचे पाच विभाग कवित्वप्राप्ती, शिक्षा, चमत्कृती, गुणदोष आणि विविध विद्यांचा परिचय असे आहेत. थोड्या प्रयत्नाने साध्य, कष्टाने साध्य आणि असाध्य असे शिष्यांचे तीन वर्ग तो करतो. असाध्यांत त्याने व्याकरणात गुंतून रस हरवलेल्यांना आणि तर्काने होरपळलेल्यांना बसवले आहे. हे वर्गीकरण विद्यार्थ्यांइतकेच आपणा अध्यापकांनाही अंतर्मुख करणारे आहे.

त्याने सुचवलेले स्वाध्याय विशेष लक्षणीय आहेत. आरंभी अर्थाची चिंता न करता निरर्थक शब्दांनी वृत्त भरावे, पुढे जुन्या श्लोकातील पदे बदलून पाहावीत, समस्यापूर्ती करावी. जोडीला नाट्यप्रयोग पाहावेत, लोकव्यवहार जाणावा, समुद्र व पर्वत यांचे निरीक्षण करावे. दुसऱ्याच्या रचनेवर अवलंबून राहण्याच्याही पायऱ्या तो सांगतो: कोणी केवळ छाया घेतो, कोणी पद, कोणी चरण, तर कोणी संपूर्ण रचना. स्वतःच्या उन्मेषाने लिहिणारा मात्र इतरांनाच उपजीव्य होतो. आयत्या मजकुराची नक्कल सुलभ झालेल्या आजच्या काळात अनुकरण हा सराव कोठे संपतो आणि चौर्य कोठे सुरू होते, हे वर्गात समजावण्यासाठी ही उतरंड उपयुक्त आहे.

एक आक्षेप

बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांचे उदाहरण या विचाराविरुद्ध दिले जाते. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी 1952 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तथापि निरक्षर म्हणजे अशिक्षित नव्हे. जात्यावरची ओवी त्यांना परंपरेने मिळाली होती, म्हणजे लयीचा अभ्यास होता. खानदेशातील शेती, सणवार आणि माणसे यांचे सूक्ष्म निरीक्षण होते, म्हणजे निपुणता होती. त्यांची शाळा वेगळी होती, इतकेच. खरी मर्यादा क्षेमेंद्राकडेच आहे: त्याच्यासमोर शास्त्रे जाणणारा शिष्य आहे, श्रमाच्या जागी घडणारे असे शिक्षण त्याच्या योजनेत मावत नाही. कवित्वप्राप्तीसाठी त्याने सांगितलेले दैवी उपायही आज ग्राह्य धरता येणार नाहीत.

निष्कर्ष

शिक्षक प्रतिभा देऊ शकत नाही, हे मान्य करूनही निपुणता आणि अभ्यास यांची जबाबदारी त्याच्यावर उरतेच. त्यासाठी या घटकाच्या मूल्यमापनात व्याख्यांऐवजी विद्यार्थ्याची लेखनवही असावी; तीत एकाच मजकुराचे पहिले, दुसरे आणि तिसरे रूप दिसावे. विद्यार्थ्याच्या घरची ओवी, म्हणी आणि बोली यांना त्या वहीत पहिले स्थान मिळावे. असा सराव एकदाही न देता विद्यार्थ्याला प्रतिभाहीन ठरवणे हा त्याच्यावर अन्याय होय.